वाद्यांवरची धूळ

उत्तर इटलीतल्या बर्गामो शहरात सतराव्या शतकात एव्हारिस्तो बास्केनिस (१६१७–१६७७) नावाचा एक धर्मगुरू होऊन गेला. स्वयंपाकघरातली भांडी, मासे, सोललेल्या कोंबड्या अशीही चित्रं त्याने काढली, पण त्याचं नाव राहिलं ते वाद्यांच्या चित्रांमुळे. टेबलावर भारी नक्षीचा जाड गालिचा, एका बाजूला सारलेला पडदा, आणि गालिच्यावर एकमेकांना टेकून ठेवलेली वाद्यं: ल्यूट, मँडोला, गिटार, व्हायोलिन. वाजवणारा कुणी नाही. काही ल्यूट तारांच्या बाजूने खाली, पालथी घातलेली. त्यांच्या गोल पाठीवर धुळीचा पातळ थर बसलाय, आणि त्या धुळीतून कुणीतरी बोटं ओढल्याच्या रेघा आहेत. बोटं फिरली तिथे खालचं तांबूस, पॉलिश केलेलं लाकूड चमकतंय.

या चित्रांपुढे पाहणारा हमखास अडकतो तो त्या रेघांपाशी. वाद्यांचं चित्र काढण्यात मुळातच एक अडचण आहे. फळाचं चित्र काढलं तर फळात पाहण्यासारखं जे आहे ते सगळं कॅनव्हासवर आणता येतं. वाद्य असतं आवाजासाठी, आणि रंगाला आवाज नाही. तरीही गेली पाचशे वर्षं चित्रकार पुन्हापुन्हा वाद्यांकडे वळले आहेत. ते नेमकं काय रंगवत होते? माझं म्हणणं असं की ते स्पर्श रंगवत होते. वाद्य ही हातांच्या मापाने घडवलेली वस्तू. दांडीची जाडी पंजावरून ठरते, पडद्यांमधलं अंतर बोटांवरून. हात चित्रात दाखवला नाही तरी त्याची जागा वाद्याच्या आकारात असतेच. बास्केनिसने ती धुळीत दाखवली.

ल्यूट आपल्याकडे फारसं कुणी पाहिलेलं नाही, म्हणून त्याबद्दल थोडं सांगायला हवं. ते अरबी ऊदपासून युरोपात आलं. समोरून पाहिलं तर अर्ध्या चिरलेल्या नासपतीसारखं दिसतं, वर फरच्या जातीच्या मऊ लाकडाची पातळ तबली, तिच्या मधोमध जाळीदार कोरलेलं गोल भोक. खुंट्यांचा भाग मानेपासून जवळजवळ काटकोनात मागे वळवलेला. पडदे म्हणजे मानेभोवती बांधलेल्या तातीच्या गाठी, ताराही तातीच्याच, आणि बहुतेक जोडीने लावलेल्या. खरी करामत पाठीत आहे. आपल्या तंबोऱ्याचा भोपळा शेतात वाढतो. ल्यूटची पाठ कारागीर लाकडाच्या अरुंद, वाकवलेल्या, दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कडेला कड चिकटवून उभी करतो. आल्प्सच्या उत्तरेकडच्या फ्युसेन गावचे असे कारागीर व्हेनिस आणि पादुआत येऊन स्थायिक झाले होते, आणि बर्गामो त्या काळी व्हेनिसच्याच राज्यात होतं.

चित्रकाराच्या दृष्टीने भोपळा आणि ल्यूट यांत मोठा फरक पडतो. सकाळच्या उजेडात खिडकीजवळ तंबोरा ठेवून त्याचं रेखाटन करून पाहावं. भोपळ्यावर खिडकीचा चौकोन वाकून, एकसंध चकाकी होऊन पडतो, आणि त्याच्या कडेने सावली हळूहळू गडद होत जाते. ती छटांची उतरण जमली की गोलाई जमली. ल्यूटच्या पाठीवर प्रत्येक पट्टीची चकाकी वेगळी असते, शेजारच्या पट्टीशी तिचा सांधा बारीक रेघेने तुटतो, आणि सगळ्या पट्ट्या खाली एका बिंदूकडे निमुळत्या होत जातात. एक पट्टी केसभर चुकली तर अख्खी पाठ पिचकलेली दिसते. तारांचं गणित दोन्हीकडे सारखंच: तार पूर्ण लांबीची रंगवली की ती दोरी वाटते. घोडीपाशी जिथे उजेड लागतो तिथे एक ठिपका, मध्ये काहीच नाही, पुन्हा खुंटीजवळ एक पुसट रेघ, एवढ्यावर डोळा उरलेली तार स्वतः जोडून घेतो.

आडवं ठेवलेलं, मान आपल्याकडे वळलेलं ल्यूट काढणं ही तर यथादर्शनाची परीक्षाच होती. जर्मनीच्या न्यूरेंबर्गमध्ये आल्ब्रेख्त ड्यूररने १५२५ मध्ये भूमितीवर एक पुस्तक छापलं. त्यातल्या एका लाकूडठशात दोन माणसं टेबलावरच्या ल्यूटचं चित्र यंत्राने काढताना दिसतात. भिंतीत एक खिळा. खिळ्याच्या कडीतून एक दोरा, त्याच्या भिंतीकडच्या टोकाला वजन. दुसऱ्या टोकाला टोकदार काडी. मध्ये एक लाकडी चौकट उभी केलेली. एक माणूस काडीचं टोक ल्यूटच्या कडेवर एका जागी टेकवतो, दोरा ताठ होऊन चौकटीतून जातो. दुसरा माणूस चौकटीवर आडवा-उभा ताणलेला सुताचा धागा सरकवून दोरा नेमका कुठून गेला ती जागा धरून ठेवतो. मग दोरा बाजूला करायचा, चौकटीला बिजागरीने लावलेलं कागदाचं दार मिटायचं आणि धागे एकमेकांना छेदतात तिथे कागदावर ठिपका. पुन्हा दार उघडायचं, काडी पुढच्या जागी टेकवायची. असे ठिपक्यामागून ठिपके.

या पद्धतीत डोळा जवळजवळ निवृत्त झालेला आहे. खिळा हाच डोळा, दोरा हीच नजर. आणि ती नजर ल्यूटला बोटासारखी एकेका जागी टेकत जाते. ड्यूररने उदाहरणाला दुसरी कुठलीही वस्तू घेतली असती तरी भूमिती तीच राहिली असती. त्याने घेतलं ल्यूट, कारण त्याहून अवघड आणि त्याहून ओळखीचा आकार त्या काळच्या घरात सापडला नसता.

त्याआधी पन्नासेक वर्षं इटलीतल्या कारागिरांनी हाच प्रश्न रंगाशिवाय सोडवला होता. उर्बिनोचा ड्यूक फेदेरिको दा माँतेफेल्त्रो याच्या अभ्यासिकेच्या भिंती १४७० च्या दशकात लाकडी जडावकामाने मढवल्या गेल्या. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे कापून सपाट फळीवर अशी कपाटं दाखवली आहेत की ज्यांची दारं अर्धी उघडी आहेत आणि आत पुस्तकं, शस्त्रं, वाद्यं ठेवली आहेत. ल्यूटची प्रत्येक पट्टी म्हणजे खरोखरच लाकडाचा एक तुकडा. लाकडाचं वाद्य लाकडातूनच दाखवलेलं, फक्त पोकळी तेवढी खोटी. मला हे काम चित्रापेक्षा वाद्यकारागिरीच्या जास्त जवळचं वाटतं.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत हान्स होल्बाइनचं १५३३ चं ‘द अँबॅसेडर्स’ आहे. इंग्लंडच्या दरबारातला फ्रेंच राजदूत आणि त्याचा मित्र, जो पुढे बिशप म्हणून काम करू लागला, असे दोन तरुण पूर्ण उंचीचे उभे आहेत आणि त्यांच्यामध्ये दोन फळ्यांच्या मांडणीवर विद्येची साधनं मांडली आहेत. वरच्या फळीवर खगोलाची उपकरणं, खालच्या फळीवर ल्यूट. ड्यूररच्या ठशातल्यासारखंच लांबी आक्रसलेलं, आपल्या दिशेने येणारं. त्याची एक तार तुटली आहे. शेजारी बासऱ्यांचा डबा आणि ल्यूथरपंथी स्तोत्रांचं उघडं पुस्तक. युरोपात चर्च दुभंगत होतं तो हा काळ. तुटलेली तार म्हणजे बिघडलेला मेळ, असा अर्थ अभ्यासक लावतात आणि तो पटण्यासारखा आहे. पण तार तुटली हे कळायलाच पाहणाऱ्याला बराच वेळ लागतो. दोन मीटरहून मोठ्या चित्रात ती एक केसाएवढी वळलेली रेघ आहे. ज्याने कधी वाद्य लावलं आहे त्याला मात्र ती पटकन दिसते, कारण तार तुटताना बोटांना बसणारा हिसका त्याच्या ओळखीचा असतो.

सतराव्या शतकात हॉलंडमध्ये या अर्थाचं जवळजवळ शास्त्रच झालं. कवटी, विझलेली मेणबत्ती, घड्याळ, आणि त्यांच्या सोबतीला व्हायोलिन किंवा ल्यूट. सूर निघतो आणि विरतो, तसं आयुष्य. पीटर क्लास, हार्मेन स्टेनवाइक यांनी अशी चित्रं फार सुंदर रंगवली. अर्थ मात्र एकदा सांगून झाला की संपतो, आणि त्यातल्या कित्येक चित्रांत वाद्य हे कवटीचं भाषांतर होऊन बसतं. फ्लँडर्समध्ये यान ब्रूगेल आणि रुबेन्स यांनी मिळून १६१७-१८ च्या सुमारास पंचेंद्रियांची मालिका केली. ती आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यातलं ‘श्रवण’ हे चित्र म्हणजे वाद्यांचं कोठारच आहे, पण तिथेही डोळा मोजदाद करत फिरतो, कान काही जागा होत नाही.

कान जागा होतो तो काराव्हाज्जोच्या ‘ल्यूटवादक’ या १५९६ च्या आसपासच्या चित्रात. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातल्या त्याच्या प्रतीत टेबलावर स्वरलिपीची वही उघडी आहे आणि ती खरीच वाचता येते. याकोब आर्काडेल्त या संगीतकाराच्या प्रेमगीतांमधला खर्जातल्या गळ्याचा भाग तिथे लिहिला आहे. काराव्हाज्जो हे नाव त्याच्या घराण्याच्या गावावरून आलं आणि ते गाव आज बर्गामोच्याच जिल्ह्यात मोडतं. पण बास्केनिसने वाट उलटी धरली. काराव्हाज्जोने गाणारा मुलगा मध्ये ठेवला. बास्केनिसने टेबलच मध्ये आणलं आणि गायकाला बाहेर पाठवलं.

त्याला हे कसं सुचलं असेल? त्याचं घराणं पिढ्यानपिढ्या भिंतिचित्रं काढणाऱ्यांचं. तरुणपणी तो जान जाकोमो बार्बेल्लीच्या हाताखाली शिकला. बार्बेल्ली घुमट आणि छतं यथादर्शनाने उघडी पाडणारा चित्रकार. ते शिक्षण टेबलावर उतरलेलं दिसतं: बास्केनिसच्या चित्रांतल्या वाद्यांच्या माना गालिच्याच्या कडेवरून थेट आपल्या अंगावर येतात. शिवाय आजूबाजूचा मुलूख. ब्रेशा आणि क्रेमोना ही तंतुवाद्यं घडवणारी गावं जवळच. १६३० च्या प्लेगने हा सगळा भाग उद्ध्वस्त केला. क्रेमोनाच्या आमाती घराण्यातला जिरोलामो त्यात गेला, आणि त्याचा मुलगा निकोलो याने ती विद्या पुढे शिष्यांच्या हाती दिली म्हणून ती टिकली. तेव्हा बास्केनिस तेरा वर्षांचा होता. त्याच्या धुळीमागे हा प्लेग आहे असं म्हणायचा मोह होतो, पण तसा पुरावा नाही आणि ते म्हणण्याची गरजही नाही.

कारण बास्केनिस स्वतः वाजवणारा होता. आलियार्दी या बर्गामोच्या सरदार घराण्यासाठी त्याने १६६५ च्या सुमारास तीन चित्रांचा संच केला. त्यातल्या एकात तो स्वतः धर्मगुरूच्या काळ्या वेशात स्पिनेट या छोट्या पट्टीवाद्यापाशी बसला आहे, शेजारी ओत्ताव्हियो आलियार्दी लांब मानेचं मोठं ल्यूट वाजवतोय. म्हणजे त्याच्या इतर चित्रांतली वाद्यं रोजच्या हाताखालची असावीत. तीच वाद्यं वेगवेगळ्या चित्रांत जागा बदलून पुन्हा येतात. हे लक्षात घेतलं की धूळ म्हणजे फक्त मृत्यूची आठवण, हा ठरावीक अर्थ मला अपुरा वाटतो. धुळीला आकार नसतो. ती रंगवायची तर आधी खालचं लाकूड पुरतं रंगवावं लागतं, मग त्यावर राखाडी रंगाचा इतका विरळ पदर की खालचा तांबूसपणा मरता कामा नये. मग बोटांच्या रेघा, आणि त्या रेघांच्या कडेला साचलेली किंचित दाट धूळ. एवढी मेहनत मृत्यूसाठी कुणी घेत नाही. कुणीतरी वाद्याजवळ आलं, वाजवावंसं वाटलं, आणि पाठीवरून नुसता हात फिरवून गेलं, ही गोष्ट सांगायला ती घेतली आहे.

बास्केनिस गेल्यावर बार्तोलोमेओ बेत्तेरा वगैरे अनुयायांनी हा प्रकार चालू ठेवला, धुळीसकट. मग त्याचं नाव मागे पडलं आणि विसाव्या शतकातच पुन्हा वर आलं. या मधल्या काळात वाद्यांचंही बरंच काही झालं होतं. जुनी ल्यूट पुढच्या पिढ्यांनी नव्या पद्धतीप्रमाणे माना बदलून, तारा वाढवून वापरली, त्यामुळे मूळ रूपात राहिलेली फार थोडी. गेल्या शतकात जुनी वाद्यं पुन्हा घडवायला निघालेल्या कारागिरांनी पट्ट्यांची संख्या, पडद्यांच्या गाठी, खुंट्यांचा कोन अशा गोष्टींसाठी चित्रांचाही आधार घेतला. चित्रकाराच्या प्रामाणिकपणाचा असा हिशेब क्वचितच लागतो.

आपल्याकडे मात्र नुसत्या वाद्याचं चित्र जुन्या परंपरेत शोधून सापडणं कठीण. वाद्य दिसतं ते हातात. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशाह (राज्यकाळ १५८०–१६२७) संगीताचा वेडा होता. दखनीत त्याने ‘किताब-ए-नौरस’ रचली आणि आपल्या लाडक्या तंबुराला ‘मोतीखान’ असं नाव दिलं. इराणातून आलेल्या फारुख बेग या चित्रकाराने तंबूर वाजवणाऱ्या इब्राहीमचं जे चित्र काढलं ते आज प्रागच्या नाप्रस्तेक संग्रहालयात आहे. काराव्हाज्जो आणि फारुख बेग हे समकालीन. एकाने ल्यूटची गोलाई सावलीने उभी केली, दुसऱ्याने तंबूर सपाट ठेवला आणि सगळा जीव तो धरण्याच्या ढंगात ओतला.

आवाज दाखवण्याची युक्तीही आपली वेगळी होती. रागमाला चित्रांतली तोडी रागिणी आठवून पाहा: रानात उभी स्त्री, खांद्यावर वीणा, आणि भोवती मान उंचावून आलेली हरणं. सूर कसा आहे ते हरणांच्या कानांवरून कळतं. ऐकणारा काढला की आवाज आलाच, हा विचार मला युरोपातल्या कुठल्याही वाद्यचित्रापेक्षा चतुर वाटतो.

आणि एक कारण श्रद्धेचं आहे. आपल्या घरात वाद्याला पाय लागला तर नमस्कार करतात. दसऱ्याला त्याची पूजा होते. मैफल संपली की तंबोरा गवसणीत जातो. वाद्य पालथं टाकलेलं आणि धुळीने भरलेलं पाहिलं तर मराठी माणूस आधी फडकं शोधेल, मग चित्राचा विचार करेल. अशा संस्कारात वाद्य ही ‘वस्तू’ होत नाही, मग वस्तुचित्र कुठून होणार? राजा रविवर्म्याने तैलरंग आणि युरोपीय छायाप्रकाश हाती घेतला तेव्हाही त्याने वाद्य एकटं सोडलं नाही. म्हैसूरच्या महाराजांसाठी १८८९ च्या सुमारास केलेल्या चित्रात त्याने वेगवेगळ्या प्रांतांच्या वेशातल्या अकरा स्त्रियांचा गाणारा-वाजवणारा मेळा बसवला. त्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेली वीणाधारी सरस्वती घरोघरच्या भिंतींवर आली. कित्येक घरांत वीणा पहिल्यांदा पोचली ती या चित्रातून.

युरोप-अमेरिकेत ही स्पर्शाची ओढ पुढे अगदी उघड झाली. इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थ वाड्यात यान व्हान डर व्हार्टने एका दारावर टांगलेलं व्हायोलिन रंगवलं आहे, पाहुणा खुंटीवरून ते उतरवायला हात पुढे करील असं. अमेरिकन चित्रकार विल्यम हार्नेट याने १८८६ मध्ये ‘द ओल्ड व्हायोलिन’ काढलं: गंजक्या बिजागऱ्यांचं हिरवं दार, त्यावर टांगलेलं जुनं व्हायोलिन, मागे स्वरलिपीचा कागद, खाली एक पाकीट. सिनसिनाटीच्या औद्योगिक प्रदर्शनात लोक ते चाचपून पाहायला लागले म्हणून चित्राजवळ पोलिस उभा करावा लागला. व्हायोलिनच्या अंगावर गजाच्या राळेची पांढरी भुकटी दिसते. तारांखाली जमलेली ती भुकटी म्हणजे कुणीतरी नुकतंच वाजवल्याची खूण, बास्केनिसच्या रेघांची सख्खी बहीण.

मग १९०९-१० मध्ये पॅरिसात जॉर्ज ब्राकने व्हायोलिनच फोडलं. त्याच्या घनवादी चित्रांत खुंट्या एकीकडे, मान दुसरीकडे, पोटावरची नागमोडी भोकं तिसरीकडे. पाहणाऱ्यांना ती तोडफोड वाटली. पण ब्राकच्या स्टुडिओत वाद्यं होती, तो स्वतः वाजवायचा, आणि स्पर्श केला की जिवंत होते अशी वस्तू म्हणून आपण वाद्य निवडलं असं त्याने पुढे सांगितलं. व्हायोलिन हनुवटीखाली धरलेला माणूस ते अखंड कधीच पाहत नाही. डावा हात मान जाणतो, उजवा गज, हनुवटी पोट जाणते. ब्राकने डोळ्याने पाहिलेल्या व्हायोलिनऐवजी हातांना ठाऊक असलेलं व्हायोलिन मांडलं, असं धरून ती चित्रं पाहिली तर त्यांतला गोंधळ बराच ओसरतो.

ब्राक रंगाऱ्यांच्या घरातला. साध्या भिंतीवर लोखंडी फणीने ओल्या रंगात लाकडाच्या रेषा ओढायच्या, हे काम त्याने उमेदवारीत शिकलं होतं. १९१२ मध्ये त्याने लाकडाची नक्कल छापलेला कागद विकत आणून तोच चित्रांत चिकटवायला सुरुवात केली. उर्बिनोच्या जडावकामात लाकूड लाकडातून दाखवलं होतं. इथे लाकडाची छापील नक्कल वाद्याची जागा घेते. त्याच वर्षी पिकासोने पुठ्ठा, कागद, सुतळी आणि तार यांतून एक गिटार जोडली, आणि १९१४ मध्ये तशीच पत्र्याची. दोन्ही आता न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहेत. गिटारचं भोक खरं तर आत जातं. पिकासोने ते नळीसारखं बाहेर काढलं. पश्चिम आफ्रिकेतल्या ग्रेबो लोकांच्या मुखवट्यांत डोळे असेच बाहेर आलेल्या नळ्यांचे असतात आणि त्याच्याजवळ असे मुखवटे होते. पोकळी दाखवायला पोकळीच लागते असं नाही, हे त्या नळीने दाखवून दिलं, आणि तिथून पुढे शिल्प दगडातून कोरण्याऐवजी पत्र्याच्या आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यांतून जोडायलाही लोक लागले.